अनामतीचे व्याज आणि नळाचा वायसर

भाड्याच्या घरात स्लॅबचा पोपडा कोसळला, भिंतीला तडा गेला किंवा जिन्याचा कठडा निखळला, तर त्याचा खर्च कोणी सोसावा याविषयी मालक आणि भाडेकरू यांच्यात सहसा दुमत होत नाही; झालेच तर त्यासाठी वकील आहेत, न्यायालये आहेत, आणि मुंबई शहरात तर जुन्या इमारतींच्या दुरुस्तीकरिता स्थापन झालेले एक सबंध सरकारी मंडळ आहे. परंतु मोरीतला नळ घट्ट फिरवल्यावरही ठिबकत राहावा, फ्लशच्या टाकीतले पाणी रात्रभर वाहत राहावे, गीझरचे कॉइल जळावे, बिजागरी सैल होऊन दार फरशीला घासू लागावे, खिडकीची मच्छरजाळी फाटावी, अशा गोष्टींसाठी कोणी वकिलाचा जिना चढत नाही. त्यांची रक्कम इतकी अल्प असते की तीवरून वाद घालणे उभयतांना कमीपणाचे वाटते, आणि इतकीही अल्प नसते की दर दोन-तीन महिन्यांनी ती हसतमुखाने खिशातून काढून द्यावी. परिणामी हा प्रश्न उघडपणे विचारला न जाता मनात साठत राहतो, आणि घर सोडण्याच्या दिवशी, जेव्हा एका पक्षाची रोकड दुसऱ्या पक्षाच्या हाती असते, तेव्हा तो एकतर्फी निकालात काढला जातो.

प्रश्न क्षुद्र वाटतो तितका तो सरळ नाही. नळाचा वायसर स्वतः काही रुपयांचा. पण प्लंबर घरी येण्याचे म्हणून जे मागतो ते शेकड्यांच्या घरात जाते, आणि आल्यावर पान्हा लावून पाहताच तो बहुधा असा अभिप्राय देतो की नळाचे आटेच झिजले आहेत, नवा वायसर महिनाभरही टिकायचा नाही, नळच बदलून घ्या. ज्या क्षणी वायसराऐवजी नळाची गोष्ट निघते त्या क्षणी खर्चाची जात पालटते. वायसर हा उपभोगाचा खर्च आहे आणि तो उपभोगणाऱ्याने सोसावा असे म्हणण्यात काही अन्याय नाही. परंतु नवा नळ ही मालकाच्या स्थावरात पडलेली भर आहे, आणि ती भर भाडेकरू निघून गेल्यावरही पुढील आठ-दहा वर्षे त्याच भिंतीत राहणार आहे. एकाच दुपारी, एकाच प्लंबरच्या हातून, एकाच बिलात या दोन्ही गोष्टी घडतात, आणि ते बिल हातात घेऊन उभा असतो तो भाडेकरू.

तो मालकाला फोन करतो. पुण्याच्या कोणत्याही उपनगरात हा संवाद ऐकू येईल: “काका, नळ बदलावा लागतोय.” “अरे, मग करून घे की. तिथंच कोणीतरी मिळेल. नंतर बघू आपण.” या ‘नंतर बघू’मध्ये दुष्टावा असतोच असे नाही, काकांना खरोखरच त्या वेळी दवाखान्यात जायचे असते, किंवा घर मुलाचे असून मुलगा अमेरिकेत असतो आणि त्याला विचारल्याशिवाय शब्द देण्याची त्यांची तयारी नसते. पण त्या दोन शब्दांनी खर्चाचा भार तत्काळ एका बाजूला सरकतो आणि परतफेडीचा प्रश्न अनिश्चित भविष्याच्या हवाली होतो. भाडेकरू पावती जपून ठेवतो. दोन महिन्यांनी ती विटते. अकरा महिन्यांनी ती काढून दाखवणे त्याचे त्यालाच कोतेपणाचे वाटते.

करारनाम्यात याचे उत्तर असेल अशी आपली समजूत असते. बहुतेक छापील मसुद्यांत तसे एक वाक्य असतेही: किरकोळ दुरुस्त्या भाडेकरूने आणि मोठ्या दुरुस्त्या मालकाने कराव्यात. हे वाक्य वाचताना दोन्ही पक्ष मान डोलावतात, कारण दोघांच्याही मनात ‘किरकोळ’ची निरनिराळी व्याख्या असते आणि एजंटाला ती विचारण्याची गरज वाटत नाही, त्याची दलाली सही होताच वसूल झालेली असते. रकमेची मर्यादा नाही, वस्तूंची यादी नाही, वस्तूच्या वयाचा उल्लेख नाही. जो शब्द सर्व वादाचे मूळ आहे तो बिनशर्त सोडून देऊन, पोलीस पडताळणी, वाहन उभे करण्याची जागा आणि मांसाहार यांविषयी मात्र सविस्तर कलमे लिहिली जातात.

पूर्वी हा प्रश्न असा नव्हता, असे म्हणण्याचा मोह होतो. पुण्याच्या वाड्यात मालक बहुधा त्याच वाड्याच्या पुढल्या सोप्यात राहत असे. पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घ्यायची ती त्याच्या डोक्यावरचीही असत आणि बिऱ्हाडकरूच्याही, त्यामुळे गळती हा दोघांचा सामायिक शत्रू होता. मुंबईच्या चाळीत मालक दिसत नसे, दरमहा त्याचा मेहता येऊन भाडे वसूल करी व पावती फाडी, आणि तक्रारी त्याच्याच कानावर घालायच्या असत. परंतु या चित्रात रमण्यापूर्वी पुढे काय झाले तेही आठवले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने बहुतांश जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला जखडून ठेवले. फाळणीच्या काळात, निर्वासितांचे लोंढे शहरात येत असताना आणि जागांची टंचाई असताना, हा निर्बंध आवश्यक होता. पण मुदत वाढवीत वाढवीत तो पाच दशके चालू राहिला, आणि दरम्यान चुना, लाकूड, लोखंड व गवंड्याची मजुरी यांना मात्र कोणताही निर्बंध लागू नव्हता. जे भाडे मालमत्ता-कर भरण्यासही पुरेना त्यातून दुरुस्ती कोण करणार? मालकाने हात आखडले, भाडेकरूने ‘घर माझे नाही’ म्हणून हात राखले, आणि इमारती खचू लागल्या. अखेरीस १९६९ च्या कायद्याने सरकारला उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. ते पुढे म्हाडाचा भाग झाले, आणि दक्षिण व मध्य मुंबईतील सुमारे वीस हजार इमारती ‘उपकरप्राप्त’ म्हणून त्याच्या दप्तरी लागल्या. १९९७ साली मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्याचे सांगितले, तेव्हा कुठे नवा कायदा होण्यास गती आली. दुरुस्तीचा खर्च ज्या पैशातून निघायचा तो पैसा आणि दुरुस्ती यांची ताटातूट झाली की घर कोणाचेच राहत नाही, एवढे त्या अर्धशतकाने पुरेसे दाखवून दिले आहे.

आज अंमलात असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या १४ व्या कलमात भाडेकरूला दिलेला अधिकार वाचला तर कोणालाही समाधान वाटेल. जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे मालकावर बंधनकारक आहे. त्याने हयगय केल्यास भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, तरीही काम न झाल्यास ते स्वतः करून घ्यावे, आणि खर्च भाड्यातून वजा करावा. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक नसावी. शिवाय भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जाईल. एवढी उदार तरतूद हाती असताना तक्रार कशाची?

तक्रार दोन गोष्टींची आहे. पहिली गणिताची. ज्या जुन्या भाडेकरूला हे कलम लागू होते तो आजही दरमहा तीनशे रुपये भाडे देत असला तर त्याचे वर्षाचे भाडे ३,६०० रुपये, आणि त्याचा चौथा हिस्सा ९०० रुपये. एवढ्यात गवंडी आणि त्याच्या हाताखालचा बिगारी यांची एका दिवसाची मजुरी निघणेही कठीण. दुसरी तक्रार अधिक मूलगामी आहे. आज पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर येथे जो तरुण दरमहा वीस-पंचवीस हजार रुपये मोजून सदनिकेत राहतो तो कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नव्हे. त्याने ‘लीव्ह अँड लायसन्स’वर सही केलेली असते, त्याला जागेवर कोणताही हक्क मिळालेला नसून ती काही काळ वापरण्याची केवळ परवानगी मिळालेली असते. १४ व्या कलमातील वजावटीचा अधिकार भाडेकरूला आहे, परवानगीधारकाला नाही. मुदत संपल्यावर तो घरात राहिला तर त्याच्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई घेण्याची तरतूद २४ व्या कलमात आहे. करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची, असे ५५ वे कलम सांगते. पण त्याच्या मोरीतला नळ कोणी दुरुस्त करायचा यावर अधिनियम मौन पाळतो. नाममात्र भाडे देणाऱ्याला कायद्याने अधिकार दिला व ते भाडेच इतके तुटपुंजे ठेवले की अधिकार निरुपयोगी व्हावा. आणि ज्याच्या भाड्यातून चार नळ सहज बदलता येतील त्याला अधिकारच दिला नाही.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न २०२१ साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात दिसतो. भाडे हा विषय राज्यांच्या अखत्यारीतला असल्याने राज्याने तसा कायदा केल्याखेरीज या मसुद्याला येथे बळ नाही. तरीही त्याच्या दुसऱ्या परिशिष्टातील यादी पाहण्यासारखी आहे, कारण ‘किरकोळ’ म्हणजे काय हे निदान एकदा कोणीतरी लिहून काढले. भिंतींना सफेदी, दारे-खिडक्यांना रंग, जलवाहिन्या बदलणे, विजेचे अंतर्बाह्य वायरिंग आणि इमारतीच्या रचनेची दुरुस्ती ही कामे मालकाकडे. नळाचे वायसर व नळ बदलणे, सांडपाण्याच्या वाहिन्या साफ करणे, शौचकूप, वॉशबेसिन, गीझर, बटणे व सॉकेट यांची दुरुस्ती, कुलपे, मच्छरजाळ्या आणि फुटलेल्या काचा बदलणे ही कामे भाडेकरूकडे. मालकाने आपली कामे न केल्यास भाडेकरूने ती करून खर्च वळता करावा, पण एका महिन्यात निम्म्या भाड्याहून अधिक नव्हे.

रंगाचा खर्च मालकाकडे टाकला हे मला अत्यंत योग्य वाटते, कारण घर सोडताना ‘रंगाचे’ म्हणून महिन्याभराचे भाडे कापून घेण्याचा जो रिवाज शहराशहरांत बोकाळला आहे त्याला कोणताही नैतिक आधार नाही. भिंतीचा रंग माणूस राहिला नसता तरी विटलाच असता. परंतु उरलेल्या यादीविषयी माझा आक्षेप आहे. ती वस्तूंच्या नावांवरून कामे वाटते, बिघाडाच्या कारणावरून नाही. गीझर भाडेकरूकडे, एवढे म्हटले की विचार संपतो. पण ज्या वस्तीत वर्षाचे सहा महिने टँकरचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी येते तेथे गीझरच्या कॉइलवर क्षारांची पुटे चढत जातात, आणि नऊ वर्षांच्या जुन्या गीझरचे कॉइल भाडेकरू राहायला आल्यावर पाचव्या आठवड्यात जळाले तर त्याआधी आठ वर्षे अकरा महिने ज्यांनी त्याच्या पाण्याने अंघोळी केल्या त्यांचा हिशेब कोणी मागायचा? यादी हे विचारीत नाही. याउलट १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०८ व्या कलमात, जेव्हा घरोघरी गीझर नव्हते, तेव्हा लिहिलेले तत्त्व अधिक शहाणपणाचे आहे: भाडेपट्ट्याने घेणाऱ्याने मालमत्ता जशी घेतली तशी परत द्यावी, मात्र वाजवी वापराने होणारी झीज आणि अनिवार्य आपत्तीने झालेले बदल वगळून. वस्तू कोणती मोडली हा प्रश्न तेथे दुय्यम आहे. ती कशाने मोडली हा मुख्य. काळाने जीर्ण झाले ते मालकाचे, हाताने मोडले ते राहणाऱ्याचे. हे कलम भाडेपट्ट्याला लागू आहे, लायसन्सला नाही, हे खरे. पण तत्त्व उसने घेण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

ओल आणि गळती यांचे प्रकरण आणखी निराळे, आणि त्यात राहणाऱ्याची असहायता सर्वांत अधिक. छताला ओल धरली की तिचा उगम वरच्या मजल्यावरील न्हाणीघरात आहे, बाहेरच्या सामाईक वाहिनीत आहे की गच्चीत, हे ठरल्याखेरीज पुढे जाता येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक वाहिन्यांची गळती संस्थेच्या खर्चाने थांबवायची असते, आणि सदनिकेतील न्हाणीघर, शौचालय यांतून होणारी गळती त्या-त्या सभासदाच्या. पण भाड्याने राहणारा सभासद नसतो. त्याच्या तक्रारीची संस्थेच्या वहीत नोंद व्हायची ती मालकामार्फत, मालक परगावी. कमिटीची सभा महिन्यातून एकदा, आणि चातुर्मासात तीही तहकूब. तोवर कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. कपड्यांचे नुकसान कोणाच्याच यादीत नसते.

मालकाची बाजू न मांडता हा विषय संपवणे गैर होईल. ‘घरमालक’ म्हटले की जो धनाढ्य इसम डोळ्यांसमोर येतो तो आजच्या शहरात अपवादानेच आढळतो. अधिक वेळा तो भविष्यनिर्वाह निधीतून एक सदनिका घेऊन ठेवलेला निवृत्त शिक्षक असतो, किंवा अशी विधवा असते जिचा औषधांचा खर्च त्या भाड्यावर चालतो. त्यांच्या वाट्यालाही नमुनेदार भाडेकरू येतात. ओट्यावर थेट गरम कुकर ठेवून ग्रॅनाइट तडकवणारे, मोरीच्या जाळीतून केस आणि भात सोडून वाहिनी तुंबवणारे, कपाटाच्या दारावर लोंबकळणाऱ्या मुलांकडे कौतुकाने पाहणारे, आणि दिवा गेला तरी रात्री दहाला फोन करणारे. यांची नुकसानी मालकाने सोसावी असे कोणीही विचारी मनुष्य म्हणणार नाही. दिवे, रिमोटची बॅटरी, तुंबलेली वाहिनी, फुटलेली काच, हरवलेली किल्ली यांचा खर्च राहणाऱ्याचा, आणि त्यात घासाघीस नको. शिवाय गीझर जळाल्याचा फोन येताच धावत जाऊन नवा बसवून देणारे मालकही आहेत. त्यांचे भाडेकरू वर्षानुवर्षे टिकतात, एवढेच त्यांना मिळणारे बक्षीस.

तरीही माझा कौल राहणाऱ्याच्या बाजूने आहे, आणि तो दयेपोटी नाही, जमाखर्चापोटी आहे. वस्तुतः किरकोळ दुरुस्तीचे पैसे कोणी द्यावेत, हा प्रश्न निदान आपल्याकडे चुकीच्या जागी विचारला जातो, कारण ते पैसे बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी दिलेले असतात. अनामत रक्कम पाहा. वीस हजार भाड्याच्या घरासाठी लाखभर अनामत मागणे आज कोणालाही खटकत नाही, आणि मुंबईत तर ‘हेवी डिपॉझिट’ नावाच्या प्रकारात काही लाख रुपये ठेवून भाडे नाममात्र किंवा शून्य करण्याची पद्धत सर्रास आहे. म्हणजे तेथे व्याज हेच भाडे आहे हे उभय पक्षांना उघडपणे मान्य असते. मग लाखभराच्या अनामतीचे व्याज काय आहे? सरकारला याविषयी शंका नाही. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क आकारताना नोंदणी व मुद्रांक विभाग मुदतीतील एकूण भाड्यात परत करावयाच्या अनामतीवर द. सा. द. शे. १० या दराने येणारे काल्पनिक व्याज मिळवतो, आणि त्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क घेतो. अनामतीचा बिनव्याजी वापर हा मालकाला मिळालेला मोबदला आहे, लाख रुपयांवर वर्षाला दहा हजारांचा, असे राज्याच्या तिजोरीने ठरवूनच टाकले आहे. तो दर कोणाला चढा वाटला तर बँकेच्या मुदत ठेवीचा धरा. तरी सहा हजारांच्या आसपास आकडा येईल. साध्या सदनिकेत वर्षभरात लागणारे वायसर, कॉइल, बिजागऱ्या आणि एखादा नळ यांचा प्लंबर-वायरमनच्या फेऱ्यांसह होणारा खर्च या रकमेत सामावतो. म्हणजे भाडेकरू त्या खर्चाची तजवीज आगाऊ करून बसलेला असतो. त्याच नळाचे पैसे आपण त्याच्याकडून दुसऱ्यांदा घेतो, आणि घर सोडताना तीच अनामत कापून काही वेळा तिसऱ्यांदा.

यावर मालक म्हणतील की अनामत हे तारण आहे, कर्ज नव्हे. हे म्हणणे मान्य करायला माझी हरकत नाही. पण मग ते शेवटपर्यंत मान्य केले पाहिजे. तारण असेल तर ते बाजूला ठेवले पाहिजे आणि त्याचे व्याज ठेवणाऱ्याला मिळाले पाहिजे. ते मालकाच्या गृहकर्जाच्या हप्त्यात किंवा मुलीच्या लग्नात वापरले जाता कामा नये. इंग्लंडमध्ये, जेथे आपली मुले शिकायला जाऊन भाड्याच्या खोल्यांत राहतात, नेहमीच्या खासगी भाडेकरारांची अनामत सरकारमान्य योजनेच्या संरक्षणाखाली ठेवण्याची सक्ती २००७ पासून आहे. आज ती तीस दिवसांच्या आत करावी लागते, आणि शेवटी वजावटीवरून वाद झाला तर तो मिटवण्याची विनामूल्य सोय त्या योजनेतच असते. अमुक पेला तुम्हीच फोडला असा ठपका ठेवणारा आणि त्याबद्दल पैसे कापणारा एकच इसम तेथे नसतो. आपल्याकडे फिर्यादी, न्यायाधीश आणि वसुली कारकून ही तिन्ही पदे एकाच व्यक्तीकडे आहेत, व ती व्यक्ती स्वभावाने सज्जन असली तरी पदांची ही एकत्र वाटणी सज्जन नाही. अनामत तारण म्हणून वेगळी ठेवायची, की ती वापरायची आणि मग तिच्या व्याजातून किरकोळ दुरुस्तीचे दायित्व पत्करायचे, यांतला कोणताही पर्याय मालकाने निवडावा. दोन्हींचे लाभ मात्र त्याला घेता येऊ नयेत.

याच नियमाची दुसरी बाजू भाडेकरूला बांधते. ज्याने अनामत दिली नाही, किंवा महिन्याभराच्या भाड्याएवढीच दिली, त्याने वायसर मुकाट्याने बदलावा. त्याला मालकाकडे मागण्यासारखे काही नाही. अनामत जितकी मोठी तितके मालकाचे दायित्व मोठे, ती लहान तितके लहान. यात श्रीमंत-गरीब, चांगला-वाईट असा भेद करावा लागत नाही, आणि ‘किरकोळ’ या शब्दावर खल करण्याची गरज राहत नाही, कारण मर्यादा रुपयांत सांगता येते. व्याजाच्या मर्यादेपलीकडचा खर्च पुन्हा १८८२ च्या तत्त्वाकडे सोपवावा: जीर्ण झाले असेल तर मालक, मोडले असेल तर राहणारा.

मात्र जीर्ण झाले की मोडले, हे ओळखण्यासाठी आरंभीची स्थिती माहीत असावी लागते, आणि येथेच आपला सर्वांत मोठा आळस आड येतो. जमिनीची मोजणी, चोरीचा तपास, पुराचे नुकसान यांचा पंचनामा करणारा आपला समाज घराच्या किल्ल्या देताना मात्र ‘सगळं ठीक आहे ना’ एवढ्यावर व्यवहार उरकतो. वस्तुतः प्रत्येक नळ उघडून पाहणे, गीझर पेटवणे, प्रत्येक बटण दाबणे, फरशीच्या तड्यांची आणि भिंतीवरील डागांची छायाचित्रे काढणे, व गीझर-पंखे-चिमणी यांची खरेदीची वर्षे एका कागदावर लिहून दोघांनी त्यावर सह्या करणे, याला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. कराराची नोंदणी आता घरबसल्या, अंगठ्याच्या ठशाने होते. एजंट छोटे यंत्र घेऊन येतो, कॅमेऱ्यात चेहरे टिपतो आणि जातो. त्याच बैठकीत, त्याच फोनने, मोरीतल्या नळाचाही फोटो घेऊन दस्ताला जोडता येईल. चेहऱ्यापेक्षा तो पुढे जास्त उपयोगी पडेल.

राज्य शासनाने हे कायद्याने करावे, असे मी सुचवीत नाही. आजवर भाडेकायद्यात बदल करताना सरकारला किती दशके लागली याचा उल्लेख वर आला आहे. नोंदणीचा नमुना मसुदा मात्र बदलता येतो, आणि पक्षकारांनी ठरवले तर तो उद्याही बदलता येतो. ‘किरकोळ दुरुस्त्या भाडेकरूने कराव्यात’ ही ओळ खोडून तिच्या जागी एवढाच मजकूर घालावा: जागेतील नैसर्गिक झीज आणि जुनेपणामुळे कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्यांचा खर्च वर्षाकाठी अनामतीच्या दहा टक्के मर्यादेपर्यंत मालकाने द्यावा, भाडेकरूने काम करवून घेतल्यास पावती पाठवावी, व सात दिवसांत आक्षेप न आल्यास ती रक्कम पुढील महिन्याच्या भाड्यातून वळती करावी, निष्काळजीपणाने झालेले नुकसान भाडेकरूचे, ताबा घेताना केलेली सही-छायाचित्रांची यादी हाच पुरावा. या मजकुरासाठी जादा मुद्रांक लागत नाही.